खारघरमधलं केअर सेंटर आणि खाटेच्या पायथ्याला अडकवलेला तक्ता

सेंटरचं नाव लिहीत नाही. प्रकरण ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात आहे आणि नावानिशी जे बोलायचं ते तिथे बोलतो आहे. पण खारघर, कामोठे, पनवेल या पट्ट्यात अशी केअर सेंटरं बरीच निघाली आहेत आणि ठाण्या-मुंबईची माणसं आपल्या घरातली थकलेली माणसं तिथे नेऊन ठेवत आहेत. मीही माझ्या आत्याला ठेवलं. दहा आठवडे. काय पाहायचं ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितो.

आत्या ८१ वर्षांची. कळव्याला पालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. मूलबाळ नाही, आतोबा जाऊन बारा वर्षं झाली. पेन्शन स्वतःची, घर स्वतःचं. २०२५ च्या मे महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. आम्ही ठाण्यात कोपरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, माझ्या बायकोला संधिवात. तिला उचलायचं कुणी, हा प्रश्न होता. आत्याच म्हणाली, "बाळा, मला कुठेतरी नीट ठिकाणी ठेव. पैसे माझे आहेत, तू जीव काढू नकोस." आषाढीच्या दुसऱ्या दिवशी, ७ जुलै २०२५ ला, आम्ही तिला खारघरला सोडलं.

आधी चांगलं ते सांगतो, कारण ते खरं आहे. जागा हवेशीर होती. खिडकीतून डोंगर दिसायचा आणि पावसाळ्यात तो हिरवागार असायचा. जेवण गरम आणि मऊ, मीठ-तिखट बेताचं, ज्याला दात नाहीत त्याला भात वेगळा कालवून द्यायचे. फरशी स्वच्छ. दिवसपाळीला बुलढाण्याकडची एक आया होती, ती आत्याची वेणी घालून त्याचा अंबाडा बांधून द्यायची, रोज, न सांगता. त्या बाईबद्दल माझी काहीही तक्रार नाही, तक्रार-अर्जातही मी हे लिहिलं आहे.

खर्च असा: अनामत १ लाख, प्रवेश फी १०,००० आणि महिन्याला ३२,०००. शिवाय बिलात 'नर्सिंग चार्जेस' म्हणून वेगळे ९,०००. डायपर, औषधं, डॉक्टरांची फेरी याचे निराळे. ९,००० ची ही ओळ लक्षात ठेवा, पुढे ती कामाला आली.

भेटीची वेळ रविवारी ११ ते १, आदल्या दिवशी फोन करून. मी दर रविवारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडून जायचो. आत्याला आंघोळ घालून, पांढरी साडी नेसवून, उशांना टेकवून बसवलेलं असायचं. ती हसायची, पण बोलणं कमी झालं होतं. मी समजलो, वय आहे, जागा नवीन आहे. एकदा म्हणाली, "पाठ भाजल्यासारखी होते रे." मी मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, बसून बसून होतं, मलम लावतो. मी मान हलवून परत आलो. ती साडी बाजूला करून पाठ बघावी असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, पण आत्याचं अंग मी कसं बघायचं, हा संकोच झाला. बायकोला सोबत नेलं असतं तर हे तीन आठवडे आधी कळलं असतं.

पितृपंधरवड्यात आतोबांची तिथी मंगळवारी झाली. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, मी आणि बायको डब्यात खीर आणि वडे घेऊन निघालो. फोन केला नाही, कारण डबाच द्यायचा होता. दारावर अडवलं, "आज भेट नाही." बायको म्हणाली, "श्राद्धाचं अन्न आहे, हातात देऊन जाते." बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बसवून ठेवलं, मग सोडलं.

बायकांच्या हॉलमध्ये चौदा खाटा. आत्या उताणी, तोंड छताकडे, आणि खाटेजवळ गेलं की एक वास. बायकोने पडदा ओढून घेतला आणि तिची कूस वळवली. मी पडद्याबाहेर उभा होतो. आतून काही आवाज आला नाही, बराच वेळ. मग बायको बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही बघा. लाजू नका, बघा."

माकडहाडावर जखम होती. पुढे रुग्णालयात मोजली तेव्हा ६ सेंटीमीटर लांब, ५ रुंद. कडा काळ्या. डाव्या टाचेला पाणी भरलेला फोड.

मी वळलो आणि खाटेच्या पायथ्याला अडकवलेला पॅड उचलला. आता इथे माझं थोडं सांगावं लागेल. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, शेवटची नऊ वर्षं ठाण्याच्या खोपट आगारात. लॉगशीट बघणं, वेबिल बघणं, कुणी नोंद गाडी लागल्यावर केली आणि कुणी चहाच्या टपरीवर बसून आधीच केली, हे मला अक्षरावरून कळतं. त्या पॅडवर कूस बदलण्याचा तक्ता होता. दर दोन तासांनी डावी, उजवी, उताणी, आणि समोर सही. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे ३ वाजून ४० मिनिटं झाली होती. तक्ता रात्री १० पर्यंत भरलेला होता. चार वाजताची डावी, सहाची उजवी, आठची उताणी, दहाची डावी. एकच पेन, एकच हात, एकच सही. मागची पानं उलटली. सगळी तशीच, एकही खाडाखोड नाही. जिथे काम खरं होतं तिथे नोंदी तिरक्या येतात, पाच मिनिटं पुढे-मागे होतात, मध्येच शाई बदलते. इथे महिनाभर प्रत्येक नोंद ठोक्याला.

मी फोन काढला आणि तक्ता व भिंतीवरचं घड्याळ एकाच चौकटीत येईल असे फोटो घेतले. मग प्रत्येक पानाचा वेगळा. माझे हात थरथरत होते, पण हे सुचलं हे बरं झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याला हलवायला गेलो तेव्हा पॅडवर नवा कोरा कागद होता.

मॅनेजर म्हणाले, "या वयात असं होतंच." रुग्णालयातल्या डॉक्टरांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, प्रत्येक जखम टळतेच असं नाही, पण अशी जखम एका रात्रीत होत नाही. आधी नुसता लालसर डाग येतो, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, तिथे ओळखायचं असतं. पुढे कातडी सोलवटते, मग खड्डा पडतो, शेवटी हाड दिसतं. आत्याची जखम या चारांतल्या तिसऱ्या पायरीवर होती. म्हणजे किती दिवस कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून सांगितलं नाही.

मी दोष आयांना देत नाही, आणि हे मी हिशेबाने सांगतो. हॉलमध्ये चौदा बायका, त्यातल्या नऊ स्वतःहून वळू शकत नाहीत. रात्रपाळीला आया एकच. एकीला वळवायचं, डायपर बदलायचं, उशी लावायची, दहा मिनिटं तर लागतात. नवाला दहाने गुणलं की नव्वद मिनिटं. दर दोन तासांतली नव्वद मिनिटं एकट्या बाईने, रात्रभर, न बसता, आणि बाकी पाचजणींनी हाक मारली तर त्यांच्याकडेही तिनेच जायचं. मी आयुष्यभर ड्युट्या लावल्या आहेत. ही ड्युटी कागदावर लागते, माणसाकडून होत नाही. ज्याने एका बाईवर चौदा खाटा टाकल्या त्यालाच तक्ता खोटा भरला जाणार हे ठाऊक असलं पाहिजे. म्हणून केअर सेंटर बघायला जाल तेव्हा 'चोवीस तास देखभाल' या शब्दांवर जाऊ नका. रात्री किती आया, किती खाटा आणि त्यातली न वळणारी माणसं किती, हे तीन आकडे विचारा.

आता कायद्याचं. मी इथेच सर्वांत जास्त वणवण केली.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे हे मला ऐकून माहीत होतं. म्हणून मी आधी प्रांत कार्यालयात गेलो. तिथल्या अव्वल कारकुनांनी मला बसवून नीट समजावलं. हा कायदा मुलांविरुद्ध, नातवंडांविरुद्ध आणि मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळाली आहे किंवा मिळणार आहे त्या नातेवाइकाविरुद्ध चालतो. साठ वर्षांवरच्या माणसाला स्वतःचा निर्वाह चालत नसेल तर या कायद्याखालचं न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवून देऊ शकतं. पैसे घेऊन सेवा देणाऱ्या सेंटरचा हिशेब तिथे होत नाही. दार चुकलं होतं, पण तो अर्धा तास वाया गेला नाही. का ते पुढे सांगतो.

सेंटरसाठी दार ग्राहक आयोगाचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'सेवेतली त्रुटी' म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि त्यात निष्काळजीपणा तर आहेच, शिवाय ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणं हेसुद्धा आहे. जखम दिसत असताना आम्हाला न कळवणं हे त्यातच येतं, असं आमच्या वकिलांचं म्हणणं आहे. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते.

हद्दीचा गोंधळ मात्र समजून घ्या, नवी मुंबईच्या लोकांना तो हमखास नडतो. वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. एक स्टेशन पुढे खारघर, ते रायगड जिल्ह्यात. महापालिका पनवेलची, पोलीस मात्र नवी मुंबई आयुक्तालयाचे. मला वाटलं, आता अलिबागच्या चकरा. पण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. आत्या आता आमच्याकडे कोपरीला आहे, म्हणून तक्रार ठाण्यात. तक्रारदार आत्याच आहे, मी तिच्या अधिकारपत्रावर काम बघतो. पलंगावर पडून तिने अर्ज दोनदा वाचला आणि पेन मागून दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, मग सही केली.

वकील फुकट मिळाला, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पेन्शन असली तरी चालते, घर असलं तरी चालतं. ठाण्याच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे आधार कार्ड आणि साधा अर्ज दिला. आधी फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

पोलिसांकडेही लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ आहे. आजारपणाने किंवा अशक्तपणाने जो असहाय आहे, त्याची देखभाल करण्याचा करार करून मुद्दाम ती न करणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेच कलम जुन्या दंडसंहितेत ४९१ होतं आणि तिथे दंड २०० रुपये होता. शिक्षा छोटी आहे हे मला कळतं. पण 'करार' हा शब्द कायद्यात आहे, म्हणून करारपत्रात काय लिहिलं होतं ते महत्त्वाचं ठरतं.

आमचं करारपत्र पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, अकरा पानं, सगळं इंग्रजीत. आत्याच्या दुखण्याच्या गडबडीत मी शेवटच्या पानावर सही केली होती. नवव्या पानावर होतं की पडणं, जखम, संसर्ग किंवा मृत्यू याला संस्था जबाबदार राहणार नाही. आणि चौथ्या पानावर, त्यांनीच लिहिलेलं, की अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस दर दोन तासांनी बदलली जाईल. वकीलबाई म्हणाल्या, नवव्या पानाला घाबरू नका, अशी ओळ लिहिली म्हणून आयोगाचं दार बंद होत नाही, आपण चौथ्या पानावर उभे आहोत. तुम्ही करार करत असाल तर अशी ओळ त्यात आहे का ते बघा. नसेल तर हाताने लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या: कूस किती वेळाने, जखम दिसल्यास किती तासांत घरी कळवणार, भेट कोणत्याही दिवशी चालेल की नाही.

आता ती ९,००० ची ओळ. मी सेंटरकडे नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. आपल्याकडे आजारी, अशक्त माणसांना ठेवून जिथे शुश्रूषा केली जाते त्या नर्सिंग होमसाठी १९४९ चा नोंदणी कायदा आहे, शहरात त्याची अंमलबजावणी महापालिका करते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. उत्तर आलं की आम्ही नर्सिंग होम नाही, आम्ही निवासी सेवा देतो. मग दर महिन्याला नर्सिंग चार्जेस कशाचे घेतले? नाकातून नळीने अन्न देणं, जखमेची पट्टी, इन्सुलिन हे तिथे रोज चालतं. हा मुद्दा तक्रारीत आहे आणि पनवेल महापालिकेलाही वेगळा अर्ज दिला आहे.

या फटीत अशी सेंटरं बसतात याचं कारण मला वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा वाईट वाटलं. २००७ च्या कायद्यात सरकारी वृद्धाश्रमांबद्दल लिहिलं आहे, खाजगी केअर सेंटरच्या नोंदणीबद्दल काही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात अशा निवासांची आणि घरी आया पुरवणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी होती, किमान दर्जा ठरवायचा होता, १०,००० ची मर्यादाही काढायची होती. ते मंजूर झालंच नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तसं तेही संपलं. ते पुन्हा आणावं असं मला मनापासून वाटतं. खाटेमागे माणूस किती, हे कायद्यात लिहिलेलं नसेल तर तो आकडा मालक ठरवतो.

प्रांत कार्यालयातला अर्धा तास का वाया गेला नाही, ते आता. आत्याच्या समोरच्या खाटेवर एक आजी होत्या, पंच्याहत्तरीच्या. त्यांचा डावा हात ओढणीने खाटेच्या कठड्याला बांधलेला मी त्या बुधवारी पाहिला. विचारलं तर तिथले लोक म्हणाले, त्या नाकातली नळी ओढून काढतात. रविवारी तो हात कधी बांधलेला नसायचा. आत्याने सांगितलं की त्यांचा मुलगा पुण्याला असतो, चार महिने आला नाही, पैसेही थांबले आहेत, आणि पैसे थांबल्यापासून आजींचं फळ आणि संध्याकाळचं दूध बंद झालं आहे. आत्या स्वतःच्या दुधातलं अर्धं आयेच्या हाताने त्यांना पाठवायची. स्वतःच्या पाठीबद्दल तिने एकदाच सांगितलं, आणि या आजींबद्दल दर रविवारी.

त्यांच्यासाठी २००७ चा कायदा अगदी नेमका लागू पडतो. अर्ज ज्येष्ठ नागरिकाने स्वतः करायचा, पण जमत नसेल तर त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी ३० दिवस. आणि ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ माणसाला कायमचं टाकून देण्याच्या इराद्याने कुठेही सोडलं तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. मी परका माणूस, मला त्या आजींचं आडनावही पूर्ण ठाऊक नव्हतं. मी एल्डरलाइनला, १४५६७ वर, फोन केला. ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, सकाळी ८ ते रात्री ८. मुलगी मराठीत बोलली, घाई केली नाही, पत्ता नीट घेतला, हात बांधल्याचं मी सांगितलं तेव्हा दोनदा विचारून लिहून घेतलं. आठवड्याभरात त्यांचा माणूस सेंटरवर जाऊन आजींना भेटून आला आणि मला तसं फोनवर कळवलंही. या सेवेला माझ्याकडून पूर्ण गुण. पुढे मुलगा येऊन आजींना घेऊन गेला एवढं त्या बुलढाण्याच्या बाईंकडून कळलं. कुठे नेलं ते कळलं नाही.

जाता जाता घराबद्दल. ऑपरेशननंतर आमच्याच नात्यातल्या एकाने आत्याला सुचवलं होतं की घर नावावर करून दे, मी बघतो तुला. तिने दिलं नाही, म्हणून सेंटरचे आणि आता रुग्णालयाचे पैसे तिच्या स्वतःच्या हिमतीवर भरले गेले. ज्यांना बक्षीसपत्र करायचंच आहे त्यांनी त्यात स्पष्ट लिहून घ्यावं की घेणारा माझा सांभाळ करील, औषधपाणी करील. अशी अट असेल आणि तो सांभाळत नसेल तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नव्हती म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडणं गेली आहेत. २०२५ च्या जानेवारीत न्यायालयाने एका आईच्या बाजूने निकाल देताना हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं म्हटलं, पण सरळ अट लिहिली तर तिथवर जायची वेळच येऊ नये.

कागद जमवण्याबद्दल दोन गोष्टी. सेंटरवर फेरीला येणाऱ्या डॉक्टरांकडे मी नोंदींची प्रत लेखी मागितली. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा, २००२ च्या विनियमांचा नियम आहे, तो अर्जात लिहिला. चौथ्या दिवशी तीन पानं मिळाली. त्यात जखमेचा उल्लेख २९ ऑगस्टला आहे. आम्ही ती १७ सप्टेंबरला पाहिली. मधल्या तीन रविवारी मी तिथे होतो, तिच्या खाटेशेजारी खुर्चीवर.

दुसरी गोष्ट, नव्या ठिकाणी नेल्याबरोबर तिथल्या डॉक्टरांना जखमेची लांबी, रुंदी आणि तारीख केसपेपरवर लिहायला सांगा. आमच्या डॉक्टरांनी मोजपट्टी शेजारी ठेवून फोटोही काढला.

आत्या आता आमच्याकडे आहे. सोसायटीतल्या चार मुलांनी तिला खुर्चीवर बसवून दोन मजले वर आणलं. हवेची गादी घेतली, दिवसा पट्टी करायला नर्स येते. जखम भरते आहे, पण फार हळू. कपाटाच्या दाराला आम्ही एक वही अडकवली आहे. रात्री १० ची आणि १२ ची पाळी बायकोची, २ ची आणि ४ ची माझी. परवा मी २ ची नोंद २ वाजून २५ मिनिटांनी केली, कारण जाग आली नव्हती. वहीत २:२५ असंच लिहिलं. सकाळी आत्याने वही मागवून वाचली, काही बोलली नाही, हात माझ्या मनगटावर ठेवून होती.

सेंटरने अनामतीतून ३८,००० कापून ६२,००० चा चेक तयार ठेवला आहे. तो हवा असेल तर 'सेवेबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही' या कागदावर आत्याची सही करून आणा, असं त्यांनी कळवलं. आत्याने तो कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि तक्रारीच्या फाइलमध्ये लावायला माझ्या हातात दिला.